मुरबाडच्या फ्रिजमधलं तरुणपण

औषधाच्या दुकानात काउंटरमागे बाई उभी दिसली की गिऱ्हाईक आधी विचारतं, "मालक कुठं गेले?" मुरबाडच्या बाजारपेठेत मी दुकान टाकलं, तेव्हा पहिली सात-आठ वर्षं या प्रश्नाला "शाळेत गेलेत" असं उत्तर देत होते. त्यात खोटं काही नव्हतं. आमचे हे शहापूरला शिक्षक होते. पण दुकान माझं होतं, परवाना माझ्या नावावर होता आणि भिंतीवर काचेत लावलेली पदविकाही माझीच होती. तरी लोक चिठ्ठी हातात घट्ट धरून मालकांची वाट बघत बाकावर बसायचे. संध्याकाळी हे यायचे आणि चिठ्ठी घेऊन माझ्याच हातात द्यायचे. मग मंडळींचं समाधान व्हायचं.

बाहेरून आमचं काम सोपं दिसतं. चिठ्ठी वाचायची, फळीवरून औषध काढायचं, कसं घ्यायचं ते सांगायचं. पण गिऱ्हाईक बोलायला लागलं की खरं काम सुरू होतं, आणि ते कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हसा गावच्या एका गृहस्थांनी मला एकदा पाव तास एका रुग्णाची हकिगत सांगितली होती. भूक नाही, पोट फुगलंय, रात्रभर कण्हत होती. मी काळजीने एकेक विचारत गेले. शेवटी वय विचारलं तर म्हणाले, "तिसरं वेत हाय." रुग्ण म्हैस होती. मी त्यांना जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. तेव्हा ते जरा नाराज होऊन म्हणाले, "तिकडं येवढं कोण इचारत नाय."

काळूरामभाऊंची ओळखही म्हशाच्याच बाजूने झाली. भाऊ वैशाखरे गावचे. घरची भातशेती, आणि म्हशाच्या जत्रेत बैलांचे सौदे जुळवून देणं हा धंदा. बैलाचा ओठ वर करून दात बघायचे आणि वय सांगायचे. मालक कितीही खोटं बोलला तरी भाऊंचा आकडा शेवटचा, असा त्यांचा लौकिक होता. साठी ओलांडलेली, मिशा काळ्या केलेल्या, बोलणं मोजकं. दोन हजार सालानंतर त्या रस्त्याला मुंबईच्या लोकांनी बंगल्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली. अशाच एका बंगलेवाल्याने भाऊंना मुंबईतल्या एका मोठ्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथून ते जाडजूड फाइल घेऊन परत आले आणि ती माझ्या काउंटरवर ठेवली.

"ताई, हे जमंल काय तुमच्याकडं?"

फाइलमध्ये रक्ताच्या तपासण्या होत्या, पोटाच्या घेराची मापं होती आणि शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी होती. पेप्टाइडचं इंजेक्शन, रोज झोपताना, कातडीखाली. असलं औषध तोपर्यंत मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं. दोन दिवस मागून घेतले, जुन्या प्राध्यापकांना फोन केला आणि समजून घेतलं.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. शरीरातल्या बऱ्याच गोष्टी तिच्या हुकमाने चालतात. वाढीचं हार्मोनही तीच सोडते, आणि तेही मुख्यतः झोपेत. लहानपणी त्याने उंची वाढते, मोठेपणी स्नायू, हाडं, चरबी यांचा हिशोब राहतो. वय वाढेल तसं ते कमी होत जातं. ते सगळ्यांचंच होतं, त्याला कुणी आजार म्हणत नाही. हे इंजेक्शन म्हणजे ते हार्मोन नव्हे. ग्रंथीला "सोड आता" असं सांगणारा तो निरोप असतो. निरोप पोचला की ग्रंथी आपल्याजवळचं हार्मोन सोडते. पोटातून दिलं तर डाळीसारखं पचून जाईल, म्हणून सुई. आणि गरम झालं तर निकामी होतं, म्हणून फ्रिज.

त्याने माणूस तरुण होतो का? प्राध्यापकांना मी तेच विचारलं. ते म्हणाले, "रक्तातला आकडा वाढतो. माणसाचं काय होतं ते अजून नक्की कुणाला माहीत नाही." मी हे वाक्य जसंच्या तसं काळूरामभाऊंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्रिज मोठा हाय ना तुमचा?"

ती वर्षं लोडशेडिंगची. वैशाखऱ्याला वीज यायची ती पाहुण्यासारखी, त्यामुळे औषध माझ्याकडे ठेवायचं ठरलं. मुंबईहून बर्फात घालून कुप्या यायच्या आणि माझ्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी राहायच्या. भाऊ एका वेळी एकच कुपी न्यायचे, थर्मासात बर्फ घालून. एक कुपी दोन आठवडे पुरायची. कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी कडेकडेने सोडायचं, हलवायचं नाही, नुसती दोन तळव्यांत फिरवायची. हे मी त्यांना तीनदा करून दाखवलं. बैलांना नळीने औषध पाजणाऱ्या हातांनी त्यांनी ते पहिल्याच दिवशी बिनचूक केलं.

एकदा उन्हाळ्यात सलग दोन दिवस वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली. मी सगळ्या कुप्या आणि इन्सुलिन घेऊन समोरच्या आइस्क्रीमवाल्याकडे गेले. त्याच्याकडे जनरेटर होता. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नकोस, गोठलं तर वाया जाईल, हे त्याला बजावलं. त्याने कुपी उजेडात धरून विचारलं, "कशाचं हाय?"

"वय झालेल्यांना ताकद येण्यासाठी. तरुण राहावं म्हणून."

त्याने लेबल नीट वाचलं. "मग याच्यावर एक्स्पायरी कशाला टाकली?"

कुप्या दोन दिवस मस्तानीच्या डब्याजवळ सुखरूप राहिल्या.

काही दिवसांनी कुपी न्यायला भाऊंऐवजी त्यांची बायको येऊ लागली. तरुण व्हायचं औषध न्यायला स्वतः बाजारात येणं भाऊंना अवघड वाटायला लागलं असावं. चांगुणाताईंना मी तशी आधीपासून ओळखत होते. सात-आठ वर्षं त्या माझ्याकडून लोहाचं टॉनिक नेत होत्या. त्या पन्नाशीच्या, म्हणजे भाऊंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पण दोघं शेजारी उभे राहिले तर नवखा माणूस त्यांना भाऊंची थोरली बहीण समजायचा. चेहरा फिकट, सुजल्यासारखा. भुवया जवळजवळ नव्हत्याच. बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला क्रोसिन देऊन मोकळी व्हायची. एसटीतून उतरून दुकानात आल्या की आधी बाकावर बसायच्या. दम खायच्या. मग थर्मास पुढे करायच्या. नवऱ्याच्या ताकदीचं औषध न्यायला येताना त्यांना वाटेत दोनदा बसावं लागायचं, आणि यात काही विचित्र आहे हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आलं ते कुपीमुळे. दोन आठवड्यांची कुपी आठव्या दिवशी संपली. पुढचीही आठव्या दिवशी. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "भाऊ जास्त टोचून घेतात की काय? सांगा त्यांना, डोकं धरेल."

चांगुणाताई म्हणाल्या, "नाय. अर्धं मला टोचतात."

"तुम्हाला? कुणी सांगितलं?"

"कोनी नाय. ते म्हनले, मी चालतो नि तू बसतंस. दोगं चालू." थर्मासाचं झाकण काढत त्या म्हणाल्या, "मला काय फरक नाय पडला. पन त्यांना बरं वाटतं, म्हनून मी बोलली नाय."

दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध घेऊ नये, हे आम्ही रोज दहा जणांना ऐकवतो. मीही ऐकवायला तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. मे महिना होता. दुकानात पंखा बंद होता आणि माझा पदर घामाने भिजला होता. चांगुणाताईंनी अंगात स्वेटर घातला होता.

वाटाण्याएवढ्या त्या ग्रंथीबद्दल मी गेलं वर्षभर वाचत होते. ते सगळं नवऱ्यासाठी वाचलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते बायकोला लावून पाहिलं. बाकीची गिऱ्हाइकं जाऊ दिली आणि त्यांच्याजवळ बाकावर जाऊन बसले.

"पाळी कधी गेली?"

"सुरेशच्या टायमाला. त्याच्यानंतर आलीच नाय."

सुरेश त्यांचा धाकटा मुलगा. तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता. म्हणजे ऐन पंचविशीत या बाईची पाळी गेली होती.

"त्या बाळंतपणात काही झालं होतं?"

"रक्त लय गेलं. गोधड्या भिजल्या. मला दोन दिवस सूद नव्हती म्हनतात. घरातच झाला ना तो."

"आणि दूध?"

त्या म्हणाल्या, "थेंब नाय आला. सासू म्हनाली, हिला पोर नको हाय, म्हनून म्हशीवानी दूद वर चढवून धरलंन. शेवटपत्तर तेच बोलायची. जावेनं पाजला त्याला. तिचा लेक तान्हा व्हता. सुरेश तिलाच आय म्हनतो."

बाळंतपणात फार रक्त गेलं तर त्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि ती सुकून जाते. त्या दिवसापासून तिचे सगळे हुकूम थांबतात. दूध नाही, पाळी नाही, थायरॉइडचं काम मंद, अंगात साखर-मीठ सांभाळणारं हार्मोन जेमतेम. माणूस मरत नाही, पण पुरता जगतही नाही. पंचवीस वर्षं असंच रेटता येतं. हे सगळं पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानावर होतं आणि मी ते परीक्षेला लिहिलं होतं. त्यानंतर सात-आठ वर्षं त्या बाईला लोहाचं टॉनिक विकलं.

निदान करणं माझं काम नाही. ते डॉक्टरांचं. आमच्या शेजारीच डॉक्टर कारखानीसांचा दवाखाना होता, पण ते त्या दिवशी टोकावड्याच्या बाजूला शिबिराला गेले होते. चांगुणाताईंची एसटी एक वाजताची. मी त्यांना म्हटलं, "उद्या या. सकाळीच या. मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जाते."

"उद्या शेतात ढेकळं फोडायची..." असं काहीतरी म्हणून त्या उठल्या. मी थांबवलं नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, एका दिवसात काय होणार, असं मनात आलं. चाळीस वर्षांच्या कामात मला पुन्हा करायला मिळावी अशी एक गोष्ट विचाराल तर ती ही. त्यांना दुकानातच बसवून ठेवायला हवं होतं.

एक केलं. डॉक्टर परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी या बाईला तीनदा सलाइन लावलंय. अशक्तपणा म्हणून."

चांगुणाताई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला काळूरामभाऊंनी त्यांना जीपमध्ये आडवं घालून आणलं. आदल्या दिवसापासून ताप आणि उलट्या. हाका मारल्या तर डोळे उघडत नव्हत्या. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, तो यंत्रात नीट लागेना. साखर तपासली, तीही तळाला.

एरवी तापाची नि उलट्यांची बाई म्हणून पुन्हा सलाइन लागलं असतं आणि कल्याणला न्यायला सांगितलं असतं. कल्याणपर्यंत ती टिकली नसती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दारातूनच मला हाक मारली, "हायड्रोकॉर्टिसोन आहे?"

ते स्टिरॉइडचं इंजेक्शन दमेकऱ्यांसाठी मी नेहमी ठेवत असे. साधं, जुनं औषध. त्याला फ्रिजसुद्धा लागत नाही. मी चार कुप्या घेऊन गेले. डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, ग्लुकोज आणि सलाइन सुरू केलं. भाऊ पायाशी उभे होते. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "माज्या इंजिक्शनानं झालं काय हे?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "तुमचं इंजेक्शन म्हणजे निरोप. निरोप घेणारी ग्रंथीच त्यांच्याकडे उरलेली नाही. त्याने चांगलं झालं नाही, तसं वाईटही झालं नाही."

"मंग मी येवढं टोचलं ते..."

"वाया गेलं."

हे ऐकून त्यांना बरं वाटलेलं मी बघितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले.

दुपारी बाराच्या आत चांगुणाताईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दोन वाजता विचारलं, "म्हशीला कोनी पानी दाखवलं का?" डॉक्टर म्हणाले, "आता कल्याणला न्यायला हरकत नाही."

कल्याणला सगळ्या तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो निघाला. ग्रंथीच्या जागी जवळजवळ काही नव्हतं. आधी स्टिरॉइडची गोळी सुरू केली, काही दिवसांनी थायरॉइडची. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं, म्हणून मी दोन डब्यांवर मोठ्या अक्षरात एक आणि दोन लिहून दिलं, आणि ताप आला तर काय करायचं ते भाऊंकडून पाठ करून घेतलं. ते म्हणून दाखवायचे, शाळेतल्या मुलासारखे, हात मागे बांधून.

तिथल्या तज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चांगुणाताईंच्या अंगात वाढीचं हार्मोनही अजिबात नव्हतं. म्हणजे भाऊंना वयाप्रमाणे जे थोडंसं कमी होतं, ते त्यांच्या बायकोला खरोखरच नव्हतं, तेही पंचवीस वर्षं. त्यांना निरोपाचा उपयोग नव्हता. प्रत्यक्ष हार्मोनचंच इंजेक्शन द्यायला हवं, रोज, आणि ते खूप महाग. भाऊ म्हणाले, "माजं बंद करतो, हिचं चालू करा."

चांगुणाताई म्हणाल्या, "मला नको. माजं दोन गोळ्यांत भागतंय. सुई तुमची तुमी घ्या."

महिन्याभराने त्या एसटीतून उतरून थेट काउंटरशी आल्या. बाकाकडे बघितलंसुद्धा नाही. अंगात स्वेटर नव्हता. बोलणं इतकं चटकन होऊ लागलं की मलाच सवय करून घ्यावी लागली. भाऊंनी तक्रार केली, "आदी काय बोलत नव्हती. आता धाच्या धा गोष्टी सांगतंय." हे सांगताना ते मिशीत हसत होते.

भाऊंनी आपलं इंजेक्शन त्यानंतर मागवलं नाही. मी कारण विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. क्लिनिकने त्यांना संध्याकाळची दारू बंद करायला आणि रोज चालायला सांगितलं होतं. ते दोन्ही त्यांनी पाळलं. "झोप बरी लागते. दम कमी लागतो. आता सुईनं व्हतं का पायानं, ते कसं कळायचं?" फ्रिजमध्ये उरलेली एक कुपी मुदत संपेपर्यंत तशीच राहिली. मग ती मी नियमाप्रमाणे नष्ट केली.

एका रविवारी चांगुणाताई आल्या, तेव्हा बरोबर सुरेश होता. सडपातळ, कंपनीचा शर्ट घातलेला. आईच्या दोन पावलं मागे उभा राहिला. चांगुणाताईंनी पिशवीतून कल्याणची फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ताई, हे वाच. मराठीत वाच. त्याला आयकव."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, आत येऊन बसा. त्या म्हणाल्या, "नाय, हितंच."

मी कागद काढला. इंग्रजीतल्या दोन ओळी होत्या. मराठीत सांगितल्या. बाळंतपणात अतिशय रक्तस्राव झाल्यामुळे मेंदूतली ग्रंथी निकामी झाली. त्यामुळे अंगावर दूध आलं नाही.

सुरेश म्हणाला, "म्हंजे?"

"म्हणजे तू झालास तेव्हा तुझ्या आईचं रक्त फार गेलं. ती मरता मरता वाचली. दूध तिच्या हातात नव्हतं. ते तयारच होऊ शकत नव्हतं. कुणालाही आलं नसतं."

तो कागदाकडे बघत राहिला. "मंग आजी बोलायची ते?"

"ते खरं नव्हतं."

त्याने आईकडे बघितलं. "तू कदी बोलली का नाय?"

"मला तरी कुटं म्हायती व्हतं," चांगुणाताई म्हणाल्या. "मला पन तसंच वाटायचं. वाटायचं, मलाच माया नसंल."

चांगुणाताईंनी फाइल माझ्याकडे पुन्हा सरकवली.

"आजून येकदा वाच."

मी पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश.